हिराकस: ओळख, तपासणी, द्रावण आणि वापर

हिराकसाचं, म्हणजे लोहाच्या सल्फेटचं, नवं पोतं उघडलं की मी आधी मूठभर खडे पांढऱ्या बशीत टाकतो आणि रंग बघतो. खडे काचेसारखे, फिकट निळसर-हिरवे असले तर माल ताजा. कडांना पिवळट-तपकिरी पूड धरली असेल तर जुना होत चाललाय. आणि सगळाच ढीग वाळलेल्या चिखलासारखा दिसत असेल तर त्या पोत्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

यामागचं कारण एकच आहे आणि ते नीट समजलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. हिराकसातलं लोह ‘फेरस’ अवस्थेत, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावून बसलेलं असतं आणि तिसरा सोडायला टपलेलं असतं. तो गेला की ते ‘फेरिक’ होतं, हिरव्याचं पिवळं-तांबूस होतं. हा इलेक्ट्रॉन तुमच्या कामासाठी खर्च झाला तर हिराकस उपयोगी पडला. पोत्यात, बाटलीत किंवा टाकीत हवेनेच तो काढून घेतला तर पैसे वाया. साठवणीचे, द्रावणाचे, मात्रेचे सगळे नियम यातूनच निघतात.

नावांची गफलत

फेरस सल्फेट, हिराकस, ग्रीन व्हिट्रिऑल, कॉपरस ही सगळी एकाच पदार्थाची नावं. जुन्या संस्कृत ग्रंथांतलं कासीस ते हेच. ‘कॉपरस’ या नावाने भल्याभल्यांना फसवलंय, कारण यात तांबं औषधालाही नसतं. तांब्याचा क्षार म्हणजे मोरचूद, आणि तो गडद निळा असतो. दोन्हींचे खडे शेजारी ठेवले तर चूक होणार नाही, पण ओलसर पुडीत आणि मंद उजेडात होऊ शकते. शंका आली तर चिमूटभर पाण्यात विरघळवून त्यात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा पाच मिनिटं बुडवा. मोरचूद असेल तर खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढतो. हिराकसात खिळा जसाच्या तसा राहतो.

दुसरी गफलत पाण्याची. नेहमीच्या हिरव्या खड्यात लोहसल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सात रेणू असतात. त्याचा रेणुभार २७८, त्यात लोह जेमतेम २० टक्के आणि पाणी ४५ टक्के. पोत्यावर लिहिलेल्या वजनातलं जवळजवळ निम्मं पाणीच. बाजारात दुसरा प्रकार मिळतो तो एकजलीय, पांढरट-राखाडी पूड, त्यात लोह सुमारे ३३ टक्के. एक किलो हिरव्या खड्यांत जेवढं लोह, तेवढं एकजलीय पुडीच्या ६११ ग्रॅममध्ये येतं. पाककृती एका प्रकारची आणि हाताशी माल दुसरा, असं झालं तर मात्रा दीडपट चुकते. कुठलाही हिशेब करण्याआधी लेबलवर कोणतं रूप आहे ते पाहावं.

हा येतो कुठून? दोन मोठ्या उद्योगांचं हे उपउत्पादन. पोलादाचे पत्रे गंज काढण्यासाठी गंधकाम्लात बुडवतात तेव्हा, आणि इल्मेनाइट खनिजापासून टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग काढतात तेव्हा, दोन्हीकडे ढिगांनी हिराकस उरतो. त्यामुळे औद्योगिक माल स्वस्त असतो आणि त्यात मँगनीजसारखे सोबती थोडेफार असतात. म्हणूनच हा माल कधीही पोटात घ्यायचा नाही. औषधी प्रतीचा फेरस सल्फेट वेगळा शुद्ध केलेला असतो.

तापवलं की काय होतं

परीक्षानळीत दोन-तीन खडे घेऊन मंद आचेवर धरा. ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान खडा स्वतःच्याच पाण्यात विरघळल्यासारखा मऊ पडतो, नळीच्या वरच्या भागात पाण्याचे थेंब जमतात आणि खाली पांढरट पूड उरते. आणखी बरंच तापवलं तर पूड लाल होते आणि गुदमरवणारा वायू सुटतो. हा लाल पदार्थ म्हणजे लोहाचा ऑक्साइड, आणि वायूंत गंधकाचे दोन ऑक्साइड. ही दुसरी पायरी धुराड्याशिवाय करू नका. गंधकाम्लाला पूर्वी ‘ऑइल ऑफ व्हिट्रिऑल’ म्हणायचे ते याचमुळे. हिराकस भाजून त्याची वाफ पकडूनच ते काढत असत.

रोजच्या कामात याचा अर्थ इतकाच की पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये पोती रचली तर तळातल्या पोत्यांतून हिरवं पाणी ओघळतं आणि रात्री थंड झालं की दगड होतो. थंड, कोरडी, सावलीची जागा, लाकडी फळी आणि आतून प्लास्टिकचं अस्तर असलेलं पोतं, एवढं पुरतं. थेट सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नका. ओघळ आम्लधर्मी असतो आणि त्यातलं सल्फेट काँक्रीट खातं. उघडलेलं पोतं हवा दाबून काढून घट्ट बांधावं, उरलेला माल जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात.

माल तपासणं

घाईची तपासणी अशी. चहाचा चमचाभर खडे ग्लासभर थंड पाण्यात टाकून ढवळा. फिकट हिरवं, आरपार दिसणारं पाणी आलं तर उत्तम. पिवळसर झाक म्हणजे थोडा भाग फेरिक झालाय. गढूळ आणि तांबूस असेल तर बराच गेलाय.

त्याच द्रावणात कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणाचे काही थेंब टाकून बघा. हा प्रयोग मला अजूनही दर वेळी बघावासा वाटतो. आधी शेवाळासारखा मळकट हिरवा साका पडतो. नळी न हलवता ठेवली तर दोन-तीन मिनिटांत साक्याचा वरचा काठ, जिथे हवा लागते तिथे, तपकिरी व्हायला लागतो आणि ती रेघ हळूहळू खाली सरकते. खालचा भाग हिरवाच असतो. टाकीत, शेतात, कापडावर जे घडतं ते सगळं या बोटभर नळीत दिसतं.

नेमका आकडा हवा असेल तर पोटॅशियम परमँगनेटने अनुमापन करावं लागतं, म्हणजे ठरावीक तीव्रतेचं द्रावण थेंबथेंब घालून किती खर्च झालं ते मोजायचं.

१. खडे बारीक करून बरोबर १ ग्रॅम तोला.
२. उकळून गार केलेल्या ५० मिलिलिटर पाण्यात आधी २० मिलिलिटर सौम्य गंधकाम्ल मिसळा, मग त्यात पूड विरघळवा. मिठाचं आम्ल इथे चालत नाही, परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं आणि आकडा फुगतो.
३. ब्युरेटमध्ये ०.०२ मोलर परमँगनेट भरा आणि थेंबथेंब सोडत चंचूपात्र फिरवत राहा. जांभळा रंग पडताक्षणी नाहीसा होत जाईल.
४. अर्धा मिनिट टिकणारी फिकट गुलाबी छटा आली की थांबा.

दर मिलिलिटर परमँगनेटला २७.८ मिलिग्रॅम हिरवा हिराकस पडतो. म्हणजे खर्च झालेल्या मिलिलिटरला २.७८ ने गुणलं की थेट टक्के मिळतात. अगदी शुद्ध मालाला सुमारे ३६ मिलिलिटर लागतात. ३६ च्या बरंच वर, ५० च्या पुढे आकडा गेला तर आनंदू नका, बहुधा तो एकजलीय माल आहे.

द्रावण करताना

कामासाठी साधारण १० टक्क्यांचं द्रावण सोयीचं पडतं, १ लिटरमध्ये १०० ग्रॅम. पाणी उकळून झाकून गार करा म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. त्यात लिटरमागे दोन-तीन मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल बारीक धारेने घाला. पाण्यात आम्ल, उलटं कधीच नाही. डोळ्यांवर चष्मा हवा. त्यानंतर खडे. लवकर विरघळावेत म्हणून गरम पाणी वापरायचा मोह होतो, तो टाळावा, कारण गरम पाण्यात हवा लवकर आपलं काम करते.

आम्ल कशासाठी? फेरस लोहाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. उदासीन पाण्याच्या आसपास सामू एकाने वाढला की हा वेग साधारण शंभरपट होतो. सामू २ वर ठेवलेलं द्रावण आठवडेच्या आठवडे हिरवं राहतं. नळाच्या थोड्या अल्कधर्मी पाण्यात केलेलं संध्याकाळपर्यंत चहासारखं दिसतं.

बाटलीत एक स्वच्छ, घासलेला लोखंडी खिळा टाकून ठेवायची जुनी युक्ती खरोखर चालते. जे लोह फेरिक होतं त्याला खिळ्यातलं धातुरूप लोह परत फेरस करतं. मात्र आम्लात खिळ्यावरून थोडा हायड्रोजन सुटतो, तेव्हा झाकण सैल ठेवा आणि जवळ ज्योत नको. मी एकदा बूच घट्ट लावलं होतं. चौथ्या दिवशी बूच छताला आणि हिरवे शिंतोडे भिंतभर.

भांडी काचेची किंवा प्लास्टिकची. अॅल्युमिनियम, तांबं, जस्ताचा मुलामा दिलेली बादली यांना हे द्रावण खातं. बाटलीवर तारीख टाकायला विसरू नका.

पाणी आणि सांडपाणी

हिराकसाचा मोठा खप इथे. तुरटी जे करते तेच काम, गढूळपणाचे बारीक कण एकत्र गोळा करून खाली बसवणं, पण एका अटीवर. गोळा करणारा खरा पदार्थ आहे फेरिक हायड्रॉक्साइड, तपकिरी, भुसभुशीत. त्यामुळे टाकलेलं फेरस लोह आधी फेरिक व्हायला हवं, आणि त्यासाठी चुना घालून सामू ८.५ च्या वर न्यावा लागतो व पाण्यात हवा पुरेशी असावी लागते. हे जमलं नाही तर पाणी वरून स्वच्छ दिसतं आणि विरघळलेलं लोह पुढे जाऊन नळाशी गंजाचे डाग पाडतं. चुना टाळून फक्त हिराकस वाढवत नेणारे लोक मी पाहिलेत. त्यांचं पाणी सुधारत नाही, सामू मात्र घसरतो.

मात्रा पुस्तकातून उचलू नये, बरणीत ठरवावी. १० ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवून १ टक्क्याचं ताजं द्रावण करा. याचा १ मिलिलिटर १ लिटर पाण्यात म्हणजे १० मिलिग्रॅम प्रतिलिटर. एकसारख्या सहा भांड्यांत लिटर-लिटर कच्चं पाणी घ्या, सगळ्यांचा सामू चुन्याच्या निवळीने सारखा करा आणि १, २, ३, ४, ५, ६ मिलिलिटर द्रावण टाका. पहिलं एक मिनिट जोरात ढवळा. नंतर पंधरा-वीस मिनिटं इतकं हळू की तयार होणारे पुंजके फुटू नयेत. मग अर्धा तास हात लावू नका. ज्या सर्वांत कमी मात्रेत वरचं पाणी स्वच्छ आलं ती तुमची मात्रा. शेवटी सामू पुन्हा मोजा आणि वरच्या पाण्यातलं लोह तपासा. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात आणि नंतर नळाच्या डागांची तक्रार येते.

सांडपाण्यात दोन कामं आणखी होतात. फॉस्फेट लोहाबरोबर अविद्राव्य होऊन गाळात जातं. हिशेबाने १ ग्रॅम फॉस्फरसला १.८ ग्रॅम लोह लागतं, प्रत्यक्षात जास्तच. आणि सडक्या अंड्याचा वास देणारं सल्फाइड लोहाशी मिळून काळा साका होतं. १ ग्रॅम सल्फाइडला सुमारे ८.७ ग्रॅम हिरवे खडे. इथे मात्र फेरस लोह फेरसच असलं तरी चालतं.

क्रोमियमचं काम मला सर्वांत आवडतं, कारण त्यात तो टपलेला इलेक्ट्रॉन नेमका कामी येतो. धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात षट्संयुजी, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं, क्रोमियम असतं, पिवळं आणि विषारी, कर्करोग घडवणारं. हिराकस त्याला तीन इलेक्ट्रॉन परत देऊन त्रिसंयुजी करतो. ते बरंच कमी घातक असतं आणि चुन्याने खाली बसतं. क्रोमियमच्या एका अणूला लोहाचे तीन लागतात, म्हणजे १ ग्रॅम क्रोमियमला १६ ग्रॅम हिरवे खडे. समजा १० लिटर पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्रोमियम आहे. एकूण अर्धा ग्रॅम, तेव्हा हिशेबाने ८ ग्रॅम हिराकस. हवा आणि इतर अशुद्धी वाटेत खातात म्हणून पाव ते निम्मं अधिक धरावं. सामू ३ च्या आसपास ठेवून ढवळा, पिवळा रंग जाऊन हिरवट-तपकिरी येईल. नुसत्या डोळ्यावर विसंबू नका, उरलेलं षट्संयुजी क्रोमियम दाखवणाऱ्या डायफिनाइल कार्बाझाइडचा थेंब टाकून जांभळा रंग येत नाही याची खात्री करा. मगच चुन्याने सामू ८ ते ९ वर न्या आणि साका बसू द्या. तोटा एकच, पण मोठा: गाळ फार. क्रोमियमच्या हायड्रॉक्साइडबरोबर तिप्पट लोह खाली येतं आणि एकूण गाळाचं वजन चौपट होतं. तो गाळही घातक कचराच.

सिमेंटमध्येही हेच रसायन चालतं. ओल्या सिमेंटमधल्या विद्राव्य क्रोमियममुळे गवंड्यांच्या हातांना इसब होतो. युरोपीय संघात २००५ पासून त्याची मर्यादा दशलक्षात २ भाग आहे आणि ती पाळण्यासाठी सिमेंटमध्ये बरेचदा फेरस सल्फेट मिसळतात. तिथल्या पोत्यांवर हा परिणाम किती काळ टिकेल तेही छापावं लागतं. पोत्यातही हवा आपलं काम करत असतेच.

पिवळी पडलेली पानं

कोवळं पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या, असं दिसलं तर लोहाची कमतरता. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे, हिराकसाने काही होणार नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण सामू जास्त असल्यामुळे अडकलेलं असतं. अशा मातीत हिराकस मुरवला तर तोही काही दिवसांत तसाच अडकतो. म्हणून फवारणी बरी.

१ लिटर पाण्यात १ ग्रॅम सायट्रिक आम्ल आधी, मग ५ ग्रॅम हिराकस. लगेच, त्याच दिवशी वापरा. ऊन उतरल्यावर फवारा, पानाच्या खालच्या बाजूलाही. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा. आधी चार-पाच पानांवर करून दोन दिवस पाहा, कारण काही झाडांची पानं करपतात. स्फुरदाच्या खतात मिसळू नका, टाकीतच साका बसतो. लोह पानातून पानात फारसं सरकत नाही, त्यामुळे थेंब पडला तिथेच हिरवं होतं. आठवड्याने पिवळ्या पानावर हिरवे ठिपके दिसले तर निदान बरोबर होतं, फवारा विरळ होता.

कापड आणि शाई

हिरडा, माजूफळ, डाळिंबाची साल यांतलं टॅनिन लोहाशी मिळालं की काळा-करडा रंग होतो. १०० ग्रॅम कोरड्या सुती कापडाला आधी टॅनिनच्या काढ्यात तासभर ठेवा, पिळून घ्या. दुसऱ्या भांड्यात कोमट पाण्यात २ ग्रॅम हिराकस विरघळवून कापड त्यात सतत हलवत दहा-पंधरा मिनिटं ठेवा. हलवणं थांबलं की चट्टे पडतात. नंतर भरपूर पाण्याने धुवा. रंग उजळ वाटला म्हणून हिराकस दुप्पट करू नका, जादा लोह धागा कमकुवत करतं आणि लोकर खरखरीत होते. हवेत वाळताना रंग गडद होतोच. हे भांडं फक्त लोहासाठी राखून ठेवा. त्यात नंतर पिवळा रंगवलात तर तो शेवाळी होणार.

शाईचं तत्त्व तेच. १०० मिलिलिटर पाण्यात टॅनिक आम्ल ५ ग्रॅम, हिराकस ३ ग्रॅम, बाभळीच्या जातीचा डिंक ३ ग्रॅम. लिहिताना अक्षर फिकट उमटतं आणि कागदावर हवा लागून काही तासांत काळं होतं. चौथ्या शतकातल्या कोडेक्स सिनायटिकस या ग्रीक बायबलच्या हस्तलिखिताची शाई लोहाचीच आहे. शतकानुशतकं टिकणारी ही शाई हिराकस जास्त पडला तर कागदच खाते. जुन्या दस्तांत अक्षरांच्या जागी भोकं दिसतात ती यामुळे. वर दिलेल्या प्रमाणात म्हणूनच लोह हात राखून धरलंय. फाउंटन पेनमध्ये भरू नका, टाक किंवा बोरू वापरा.

डाग, धोका आणि विल्हेवाट

जमिनीवर हिराकस सांडला तर आधी कोरडा झाडून घ्या, मग पाणी. फरशीवर तांबूस डाग पडल्यावर मी एकदा ब्लीचिंग पावडर घासली होती. ब्लीच ऑक्सिडीकारक, उरलंसुरलं फेरसही फेरिक झालं आणि डाग पक्का बसला. शिवाय आम्लयुक्त द्रावणावर ब्लीच पडलं तर क्लोरीन सुटतो. गंजाचा डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने निघतो, हातमोजे घालून, कारण ते स्वतः विषारी आहे. संगमरवरावर मात्र कुठलंच आम्ल नको.

पूड डोळ्यांत आणि घशात झोंबते, तेव्हा चष्मा, मास्क, हातमोजे. खरा धोका लहान मुलांना. ३२५ मिलिग्रॅमच्या लोहाच्या गोळीत ६५ मिलिग्रॅम लोह असतं. वजनाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅमहून जास्त लोह पोटात गेलं तर जिवावर बेततं, म्हणजे दहा किलोच्या मुलाला दहा गोळ्याही पुरतात. औद्योगिक हिराकसाच्या ३ ग्रॅम खड्यांत तेवढंच लोह आहे. मुलाने खाल्ल्याची नुसती शंका आली तरी उलटीची वाट न बघता थेट दवाखाना. काही तासांनी मूल बरं दिसलं म्हणून परत आणू नये, लोहाच्या विषबाधेत मधे असा फसवा काळ येतो.

उरलेलं द्रावण ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. १ किलो हिरवा हिराकस फेरिक होताना जवळपास २९ ग्रॅम ऑक्सिजन घेतो. लिटरमागे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरला तर साडेतीन हजार लिटर पाण्यातला सगळा. थोडंसं द्रावण असेल तर बादलीत चुन्याची निवळी घाला, लिटमस निळा होईपर्यंत, आणि दोन दिवस उघडं ठेवून अधूनमधून ढवळा. हिरवा साका पूर्ण तपकिरी झाला की वरचं पाणी नितळून घ्या आणि गाळ वाळवा. क्रोमियमच्या कामातलं पाणी असेल तर ते यात मिसळू नका, त्याची बादली वेगळी ठेवा आणि गाळ घातक कचरा नेणाऱ्याकडेच द्या.